गाडीतल्या प्लास्टिकवरचा रंग पुन्हा पुन्हा का सुटतो: स्प्रेचा डबा घेण्याआधीच्या तपासण्या

दहा-पंधरा पावसाळे काढलेली गाडी बाहेरून धडधाकट दिसते, पण दार उघडलं की आतलं प्लास्टिक तिचं वय सांगतं. ओळखीपाळखीतून अशा गाड्या माझ्याकडे येत राहतात आणि मालकाचं वाक्यही ठरलेलं असतं: "मागच्या वर्षी काळा स्प्रे मारून घेतलेला, सगळा सोलून निघाला. आता भारीतला कुठला मारू?" भारीतला मारला तर तोही निघेल. बिघाड रंगाच्या खाली असतो, आणि खाली काय आहे हे न बघता माणूस थेट पेंटच्या दुकानात जातो.

आधी लक्षणं बघा. तुमच्या गाडीत यातलं काय दिसतंय त्यावर पुढचं सगळं ठरतं.

- दाराची आतली मूठ, काचेच्या बटणांभोवतीची पट्टी, एसीची जाळी हाताला चिकटते आणि बोटांना काळं लागतं. पावसाळ्यात जास्तच.
- डॅशबोर्डचा वरचा भाग आणि काचांच्या मधल्या खांबांवरची कव्हरं पांढरट-राखाडी पडलीत. ओलं फडकं फिरवलं की काळी होतात, वाळली की पुन्हा पांढरी.
- आधी मारलेला रंग नखाने पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचं प्लास्टिक स्वच्छ, गुळगुळीत दिसतं.
- स्प्रे मारताच रंगात बारीक गोल खळगे पडतात, रंग तिथून बाजूला सरकतो. पेंटर याला फिश आय म्हणतात.
- रंग वाळल्यावर दुधाळ, धुकट दिसतो.
- रंग सगळीकडे टिकलाय, फक्त हात लागतो तिथेच झिजलाय.
- डॅशच्या कातड्यासारख्या आवरणाला चिरा पडल्यात आणि चिरांच्या कडा वर वळल्यात.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट "कुठे थांबायचं" या भागाकडे जा.

पहिली तपासणी: मळ आहे का?

हसू नका. "रंग गेलाय" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या धुतल्यावर बऱ्या निघतात. प्लास्टिकच्या दाणेदार पोतात धूळ, घाम आणि पॉलिशचे जुने थर बसून त्याचा राखाडी लेप होतो. आमच्या कोल्हापुरात शिरोलीच्या बाजूला फाउंड्रीजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही धूळ काळी आणि जड असते. जोतिबाला जाऊन आलेली गाडी असेल तर पोतात गुलाल असतोच. गुलाल आधी कोरड्या मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. ओलं फडकं आधी लावलं तर रंग विरघळून आणखी आत मुरतो.

त्यानंतर कोमट पाण्यात थोडा शाम्पू किंवा भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ ब्रश आणि दोन मायक्रोफायबर फडकी. ब्रश गोल फिरवा, फेस फडक्याने उचला, स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा. बटणांवर पाणी ओतू नका, ब्रशच ओला ठेवा. पांढरा मॅजिक स्पंज मी टाळतो. तो अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो आणि मॅट प्लास्टिकवर चकाकीचे पट्टे पाडतो.

मूळ रंग काय होता हे आठवत नसेल तर डॅशवर चिकटवलेली अंबाबाईची किंवा गणपतीची मूर्ती हलवून बघा. खालचा टेप हेअर ड्रायरने गरम करून जाड दोरा सरकवला की मूर्ती अलगद सुटते. तिच्याखाली ऊन कधीच लागलेलं नसतं, त्यामुळे गाडी नवी असतानाची शेड तिथे तशीच सापडते. पुढे रंग जुळवायची वेळ आलीच तर हाच नमुना धरायचा.

दुसरी: ओलं करून बघा

धुऊन वाळलेल्या भागावर पाण्याचा हात फिरवा. ओलं असताना रंग पूर्ण परत येत असेल तर प्लास्टिकचा फक्त वरचा पातळ थर उन्हाने खराब झालाय. अशा भागाला रंगाची गरज नसते. पाण्यावर आधारलेलं, न चकाकणारं ट्रिम ड्रेसिंग (प्लास्टिकवर पुसायचं द्रव) पुरतं, दर काही महिन्यांनी लावत राहायचं.

हे सांगायचं कारण असं की जुन्या साध्या गाड्यांतले बरेचसे आतले भाग कारखान्यात कधी रंगवलेलेच नसतात. रंग प्लास्टिकच्या दाण्यातच मिसळलेला असतो, भाग आरपार एकाच रंगाचा असतो. असा भाग एकदा रंगवला की पुढचं प्रत्येक ओरखडणं खालचा वेगळा रंग दाखवतं. न रंगवता पंधरा वर्षं टिकलेली वस्तू रंगवून आपण तिची देखभाल वाढवून घेतो.

पाणी लावूनही डाग किंवा ठिपके तसेच राहिले तर मात्र तिथे काहीतरी सांडलंय. डॅशवरच्या लिक्विड परफ्यूमची बाटली कलंडणं हे नेहमीचं. डास पळवणाऱ्या मलमाचा हातही असतो. त्यात डीईईटी हे रसायन असेल तर ते काही प्लास्टिक आणि रंग चक्क मऊ करतं. असं मलम लावलेल्या हाताने दार ओढलं की मुठीवर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वारंवार लागलं तर मुठीवरचा लेप असाच उतरतो.

तिसरी: कापसाचा बोळा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल

चिकट लक्षण असणाऱ्यांनी ही तपासणी करायचीच. केमिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक स्पेअर्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर बोळा घासा. काळा चिकट गाळ आला तर तो मळ नाही. तो कारखान्यात मारलेला "सॉफ्ट टच" लेप आहे, रबरासारखा मऊ लागावा म्हणून दिलेला पॉलियुरेथेनचा थर. हवेतली ओल आणि उष्णता मिळून या लेपाच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातात आणि काही वर्षांनी तो परत चिकट होतो. गगनबावड्याकडून येणारा पाऊस आणि बंद काचांची गाडी, दोन्ही आपल्याकडे भरपूर.

यावर नवीन रंग मारला तर काय होईल ते उघड आहे: पाया हलतोय आणि आपण वर गिलावा करतोय. टाल्कम पावडर चोळली की दोन-चार दिवस चिकटपणा जातो, पण पुढे तो लगदा काढणं दुप्पट कटकटीचं होतं.

लेप पूर्ण काढा. भाग सुटत असेल तर बाहेर काढून हवेशीर जागी काम करा. अल्कोहोलने भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, पुन्हा भिजवा. वेळखाऊ काम आहे. खालून बहुतेक वेळा चांगलं काळं किंवा राखाडी प्लास्टिक निघतं आणि गोष्ट तिथेच संपते.

दोन ठिकाणी हे करायचं नाही. मीटरवरची पारदर्शक काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर अल्कोहोलने तिला केसासारख्या चिरा पडतात. आणि रात्री उजळणारी बटणं: ती मुळात पांढऱ्या, प्रकाश जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची असतात, वर काळा थर देऊन लेझरने चिन्हं कोरलेली असतात. थर काढला की चिन्ह जातं आणि अख्खं बटण दिव्यासारखं पेटतं. चिकट झालेलं बटण बदलणं हाच इलाज. जुन्या गाड्यांच्या स्पेअर्समध्ये स्विच सुटा मिळून जातो.

चौथी: ब्लेड आणि टेप

आधीच रंगवलेल्या भागासाठी. मागच्या किंवा झाकल्या जाणाऱ्या बाजूला ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा ओढा, वर चांगला चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर जुना रंग घट्ट आहे, तो हलका घासून त्यावरच काम करता येतं. चौकोन टेपबरोबर आले तर जुना रंग शेवटच्या तुकड्यापर्यंत काढायचा. अर्धवट सुटलेल्या रंगावर मारलेला नवा रंग त्या अर्धवट रंगाला घेऊनच निघतो.

रंग काढायला एनसी थिनर हातात घेण्याआधी पुढची तपासणी करा. थिनर एबीएस जातीच्या प्लास्टिकला विरघळवतं आणि पोत पुसून टाकतं.

पाचवी: भाग उलटा करा

इथून पुढे भाग उतरवावा लागतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची ट्रिम टूल्स काही शे रुपयांत मिळतात. जुन्या क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, म्हणून दुपारी उन्हात गाडी तापल्यावर काढा. प्रत्येक स्क्रूचा फोटो घ्या.

मागच्या बाजूला दोन कोनांच्या मधे कोरलेली अक्षरं दिसतील. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. "पीपी, टी२०" असं असेल तर त्यात २० टक्के टाल्क (टाल्कम पावडरीतलं खनिज) मिसळलेलं आहे. ओरखडा पडला की पांढरी रेघ उठते ती याच जातीच्या प्लास्टिकवर. एबीएस आणि पीसी (पॉलिकार्बोनेट) अधिक एबीएस या दुसऱ्या जाती. मीटरभोवतीची चौकट, मधल्या कन्सोलच्या चकचकीत पट्ट्या बहुधा यातल्या असतात.

सोलून निघणाऱ्या रंगाचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की द्रव त्यावर नीट पसरत नाही आणि रंगाला धरायला काही मिळत नाही. कितीही घासलं तरी हा गुण जात नाही. म्हणून कारखान्यात पीपीचे बंपर रंगवण्याआधी त्यांच्यावर ज्योत फिरवतात किंवा खास थर देतात. घरगुती कामात त्या थराला अ‍ॅडहिजन प्रमोटर म्हणतात. पारदर्शक असतो, त्यात क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन हे पीपीला धरणारं रसायन असतं. दुकानदार "प्लास्टिक प्रायमर" म्हणून जे देतो ते पीपीवर चालतं का, हे डब्यावर वाचून घ्या. काही प्रायमर फक्त एबीएससाठी असतात. पापुद्रा निघून खालचं प्लास्टिक कोरं दिसणं, ही तक्रार मी बघितलेल्या बहुतेक गाड्यांत प्रमोटरशिवाय रंगवलेल्या पीपीचीच निघाली.

अक्षरं सापडली नाहीत तर काही जण तुकडा पाण्यात टाकून बघतात. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं, हे बरोबर. पण टाल्क मिसळलेलं पीपीही बुडू शकतं, तेव्हा बुडलं म्हणजे एबीएसच असं धरू नका. काडी लावून वासावरून ओळखणं तर नकोच. शंका असेल तर पीपी समजून प्रमोटर वापरा.

सहावी: सिलिकॉन

फिश आय पडणाऱ्यांची ही तपासणी. वॉटर सर्व्हिसिंगला गाडी दिली की शेवटी पोरगा विचारतो, "डॅश पॉलिश मारू काय?" आणि आपण हो म्हणतो. चकचकीत, तेलकट पॉलिशमध्ये बहुतेक वेळा सिलिकॉन तेल असतं. वर्षानुवर्षं ते पोतात साचतं आणि साध्या साबणाने पूर्ण निघत नाही. ओला रंग त्या ठिपक्यावरून मागे सरकतो, तोच खळगा.

पाण्याचे थेंब टाकून सिलिकॉन ओळखा असं सांगतात, पण कोऱ्या पीपीवरही पाण्याचे मणी होतात. म्हणून भागाची पुढची आणि मागची बाजू ताडून बघायची. मागे पॉलिश कधी पोचलेलं नसतं. दोन्हीकडे थेंब सारखेच बसले तर तो प्लास्टिकचा स्वभाव. पुढच्या बाजूला थेंब जास्त गोल आणि पळते असतील तर सिलिकॉन आहे.

पेंटच्या दुकानात सिलिकॉन रिमूव्हर किंवा वॅक्स-ग्रीस रिमूव्हर मागा. एका फडक्याने ओलं लावा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्याने उचला. वाळू दिलं तर विरघळलेलं सिलिकॉन परत तिथेच बसतं. फडकं दर वेळी नवीन घडीचं घ्या, आणि कपड्यांच्या कंडिशनरमधून काढलेलं नको. मुख्य म्हणजे हे घासकामाच्या आधी करायचं. आधी पॉलिश पेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत दाबलं जातं आणि मग त्याला कोणी काढू शकत नाही. घासून झाल्यावर पुन्हा एकदा पुसायचं ते वेगळं.

सातवी: हवा

भाग बरोबर, तयारी बरोबर, तरी रंग दुधाळ दिसतोय? कॅलेंडर बघा. लवकर वाळणाऱ्या रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि थरात अडकते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा अशा कामाला नालायक. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ, ऊन वर आल्यानंतरची, उत्तम. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या भागावर उलट होतं, फवारा पोचायच्या आत वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. दुधाळपणा हलका असेल तर कोरड्या दिवशी एक पातळ थर दिल्यावर बऱ्याचदा जातो.

इतकं करूनही रंगवायचंच असेल तर

भाग गाडीबाहेर. गाडीत बसून स्प्रे मारणं हे वाफा कोंडून घेणं आहे, आणि त्या पेटतात. राखाडी स्कॉच ब्राइटने चमक मरेपर्यंत घासा, त्याहून जास्त नाही. पोत गेला की परत आणता येत नाही. सपाट, बिनपोताच्या भागाला ६०० नंबरचा वॉटर पेपर. पुसून वाळवा. पीपी असेल तर प्रमोटरचा एक पातळ हात. जाड थराने पकड वाढत नाही, कमी होते. डब्यावर दिलेल्या वेळातच रंगाचा पहिला हात बसला पाहिजे. रंग वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, धुक्यासारखे तीन-चार हात, मधे दहा-दहा मिनिटं. पहिल्या हातात झाकायचा मोह आवरा.

डॅशच्या वरच्या भागाला मॅट काळा किंवा गडद राखाडी सोडून काही नाही. चकचकीत किंवा फिकट रंगाचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि दुपारी हायवेला समोरचं धड दिसत नाही.

अर्ध्या तासात रंग हाताला सुका लागेल, पण भाग आठवडाभर बसवू नका. आत थिनर अजून निघत असतो, क्लिप दाबताना अंगठ्याचा ठसा उमटतो.

गिअर नॉब, हँडब्रेकचा दांडा, दाराची मूठ: डब्यातला साधा रंग इथे टिकत नाही, कितीही तयारी केली तरी. हात लागून झिजण्याच्या लक्षणाचं उत्तर हेच. एक तर भाग बदला, नाहीतर हार्डनरवाला (कडक करणारं रसायन मिसळलेला) पारदर्शक क्लिअर मारून घ्या, आणि तो घरी मारायचा नसतो.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

एअरबॅग. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर किंवा डाव्या बाजूच्या डॅशवर एसआरएस अशी इंग्रजी अक्षरं असतील तर त्या झाकणावर ना रंग, ना फिलर, ना टेक्श्चर स्प्रे. ते झाकण ठरलेल्या रेषेवर, सेकंदाच्या अगदी छोट्या भागात फाटायला हवं. वरच्या थराने ते अडलं किंवा त्याचे तुकडे उडाले तर कोणाचा जीव जाईल. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेही. पण वरच्या मॉडेलमध्ये असायची, म्हणून अक्षरं शोधाच. खांबांच्या कव्हरांवरही ती दिसली तर आत पडद्याची एअरबॅग आहे. ते कव्हर, स्टिअरिंग किंवा पूर्ण डॅश काढायचं काम त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिककडेच द्या. तो आधी बॅटरी सोडवून ठरावीक वेळ थांबतो की नाही, तेवढं बघा.

पुरात बुडालेली गाडी. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पंचगंगेच्या महापुरानंतर विकल्या गेलेल्या गाड्या अजून हातोहात फिरतात. कव्हर काढल्यावर मागे वाळलेला बारीक गाळ किंवा कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर रंगकाम बाजूला ठेवा आणि आधी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

चिरलेलं डॅश. पीव्हीसीच्या आवरणातला मऊपणा देणारा घटक उन्हाने उडून गेलेला असतो, ते आक्रसून फाटतं. चिरेत पुट्टी भरून रंगवलं तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी चीर पडते. हे अपहोल्स्ट्रीवाल्याचं काम आहे, नवीन आवरण चढवायचं. नाहीतर भंगारातून त्याच मॉडेलचं बरं डॅश मिळतंय का बघा.

हार्डनरवाला, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा टू-के रंग. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. उद्यमनगरात किंवा हायवेला बूथ असलेला पेंटर गाठा. गाडी देऊ नका, सुटे भाग धुऊन, कोड वाचून नेऊन द्या. मजुरीही कमी लागते. "पीपी आहे, प्रमोटर मारणार का? मॅट क्लिअर आहे का? वरच्या डॅशला चमक नकोय," एवढं आधीच विचारा. "कशाला पाहिजे प्रमोटर, आमचा रंग तसाच बसतोय" असं उत्तर आलं तर भाग उचलून दुसऱ्याकडे जा.